काकांची बाजू

कागद मागणारा भाडेकरू मला कधी आवडला नाही. मी स्वतः भाडेकरू आहे, तरीही. घर बघायला आलेल्या कुणी पहिल्याच भेटीत "करार रजिस्टर करणार ना? भाड्याची पावती देणार ना?" असं विचारलं, की मला वाटायचं, याच्या मनात काहीतरी आहे. हा उद्या घर सोडताना त्रास देणार. सरळ माणसाला पावती कशाला लागते?

ही समजूत मला घरातूनच मिळाली. नारायण पेठेत आजोबांचा वाडा होता आणि वाड्यात पाच बिऱ्हाडं होती. माझ्या लहानपणी त्यातल्या एका बिऱ्हाडाचं भाडं महिना अठरा रुपये होतं आणि ते मनीऑर्डरने यायचं. भाडेकरू समोरच्याच खोलीत राहायचा. पण बोलणं बंद होतं, कोर्टात दावा चालू होता, आणि भाडं दिल्याचा पुरावा हवा म्हणून तो पोस्टात जाऊन अंगणापलीकडच्या माणसाला पैसे पाठवायचा. पोस्टमन आला की आजोबा सही करून अठरा रुपये घेत आणि ते पैसे दिवसभर टेबलावर तसेच पडून राहत. घरपट्टी त्याहून जास्त होती. पावसाळ्यात छप्पर गळायचं, तेव्हा कौलं बदलायला त्या अठरा रुपयांत एक गवंडी अर्धा दिवससुद्धा आला नसता.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दराशी बांधून ठेवली होती. त्यातून सुटायला म्हणून मालकांनी 'भाडं' न म्हणता लिव्ह अँड लायसन्स करायला सुरुवात केली, तर कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेले लोक संरक्षित भाडेकरू ठरले. आमच्या घरात ती तारीख पानिपताच्या तारखेसारखी उच्चारली जायची. आजोबांच्या एका मित्राने ओळखीच्या माणसाला वर्षभरासाठी म्हणून खोली दिली होती, ती पुढे त्यांच्या हयातीत परत मिळाली नाही. जेवताना ही गोष्ट निघाली की शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: कागदावर सही केली की जागा गेली.

हे मी सफाई म्हणून सांगत नाही. आजोबांची भीती खरी होती, तिला तारीख होती आणि कलम होतं. मी ती तपासून न बघता वापरत राहिले, एवढंच.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. तोपर्यंत वाड्याच्या जागी इमारत झाली होती आणि आईबाबांच्या वाट्याला आलेल्या फ्लॅटमध्ये आम्हा तिघांना जागा पुरत नव्हती. खाली घरमालक काका-काकू. काका निवृत्त, पेन्शनवाले, सकाळी बागेत पाइप घेऊन उभे असणारे. पहिल्या भेटीत त्यांनी मला माहेर विचारलं, वाड्याचं नाव सांगितल्यावर त्यांना आजोबा आठवले, काकूंनी पोहे आणले आणि व्यवहार तिथेच झाला. त्या भागात तेवढ्या जागेला महिना अठरा हजार सहज पडले असते. काका म्हणाले, "तू मला चौदा दे. रोख दे. करार-बिरार, पोलिसात माहिती देणं, ते सगळं मला जमत नाही. आणि तुझ्या ऑफिसात घरभाड्याची सवलत मागू नकोस, माझा पॅन नंबर द्यावा लागतो. आपल्यात कागद कशाला?"

मी म्हटलं, "हो ना काका, कशाला?"

मनापासून म्हटलं. पण घरी येताना रिक्षात हिशेबही केला, हेही खरं. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर सवलतीसाठी घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, हे मला माहीत होतं. ती सवलत सोडली तरी चौदा हजारांत आमचा फायदाच होता. म्हणजे काका उत्पन्न लपवत होते आणि त्या लपवण्यातला माझा हिस्सा मला दरमहा भाड्यातून कापून मिळत होता. मी मात्र त्याला विश्वास म्हणत होते. दरमहा चार हजार रुपये मिळत असतील तर विश्वास ठेवणं फारसं अवघड नसतं.

आता विरोधाभास बघा. मी एका महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात नोकरी करते. माझा दिवस 'मूळ प्रत आणली का?' या प्रश्नाने सुरू होतो. अधिवास दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नावात एक अक्षर चुकलंय, अशा कारणांनी मी रोज कुणाला तरी परत पाठवते. मुलं रडकुंडीला येतात. मी शांतपणे सांगते, नियम सगळ्यांना सारखा आहे. आणि संध्याकाळी घरी येऊन काकांच्या हातात नोटांचं पाकीट ठेवते, पावती न घेता, आणि त्यांच्याशी तुळशीबागेतल्या गर्दीबद्दल बोलत बसते. ही दोन्ही कामं एकच बाई करते आहे, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं आलंच नाही.

बंगल्याच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तिथे एक कुटुंब राहायचं. त्या बाईचं नाव इथे बदलून मंगल म्हणते. जालन्याकडची. नवरा टेम्पोवर, ती चार घरची कामं करायची, एक मुलगी. भाडं सहा हजार, तेही रोख, डिपॉझिट वीस हजार. काकांनी महापालिकेत सगळा बंगला स्वतःच्या राहत्या वापरात दाखवलेला होता. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत 40 टक्के सवलत मिळते. 2023 मध्ये ती पुन्हा लागू झाली तेव्हा त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज भरून द्यायचा होता. तो अर्ज भरायला काकांना मीच मदत केली. वरच्या मजल्यावर कोण राहतं, मागे कोण राहतं, या प्रश्नांची उत्तरं टेबलाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ते, दोघांनाही माहीत होती. आम्ही चहा घेतला आणि अर्ज भरला.

मंगल एका थंडीतल्या संध्याकाळी वर आली. दारातच उभी राहिली. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार होती आणि तिला आरटीईतून अर्ज भरायचा होता. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवल्या आहेत, ते मला माहीत होतं. मंगलला त्याहून जास्त माहीत होतं. अंगणवाडीच्या ताईंनी तिला सगळं समजावलं होतं. राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. रेशनकार्ड, आधार, मतदान ओळखपत्र, सगळं गावचं. मग उरतो भाडेकरार, आणि तो साध्या स्टँपपेपरवरचा चालत नाही, नोंदवलेला लागतो, निदान अकरा महिन्यांचा, आणि अर्ज भरणं सुरू व्हायच्या आधीच्या तारखेचा.

"आत्ता केला तर बसतंय ताई," ती म्हणाली. "मी काकांना इचारलं. ते म्हणले, बघू. दोनदा म्हणले, बघू. तुमचं ऐकतेत ते. तुमी जरा बोला."

आधारवरचा पत्ता बदलून घे, असं मी तिला सुचवलं. ती म्हणाली, केंद्रावर त्यालाही करारच मागितला.

मी खाली गेले. मी का गेले? तिचं काम व्हावं म्हणून, असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, 'मी बोलले हं काकांशी' असं तिला सांगता यावं म्हणून गेले. कारण काकांनी पहिलं वाक्य बोलायच्या आत मी हरायला तयार होते. काका म्हणाले, एकदा हिच्या नावाने सरकारदरबारी नोंद झाली की उद्या ही माणसं खोल्या सोडणार नाहीत. मी मान हलवली. काका म्हणाले, नोंदणी म्हटली की इन्कम टॅक्सवाले आले, घरपट्टीवाले आले. मी म्हटलं, हो, ते आहेच. काका म्हणाले, तुमच्या वाड्यात काय झालं, ते तुला मी सांगायला हवं का? आणि मग मीच त्यांना मनीऑर्डरची गोष्ट सांगितली. त्यांनी ती आधी ऐकलेली होती, तरी मी पुन्हा सांगितली, रंगवून. आम्ही दोघंही हसलो. काकूंनी तिळाच्या वड्या दिल्या.

मग मी मागच्या खोलीकडे गेले. मंगल बाहेर मोरीपाशी होती. मी तिला काकांची बाजू समजावून सांगितली. समजावून, हाच शब्द. काका वाईट नाहीत, त्यांना जुने अनुभव आहेत, कागदपत्रांची त्यांना भीती वाटते, त्यांनी तुला इतकी वर्षं कमी भाड्यात ठेवलंय. माणुसकीने चाललंय ते कागदाने बिघडवू नकोस. माझा आवाज मला चांगला आठवतो. विभागात विद्यार्थ्यांशी बोलते, तोच.

ती ऐकत होती. वाद घातला नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, तुमच्याकडं हाय का करार?"

"नाही ना. माझ्याकडेही नाही." मला वाटलं, आता हिला पटेल. बघ, मी शिकलेली, नोकरी करणारी, मीसुद्धा कराराशिवाय राहते.

"मंग तुमाला कुटं काय अडलं?"

तिने टोमणा मारला नव्हता, हे मला शपथेवर सांगायचंय. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. करार नसतानाही माझी कामं होतात, तर ती कशी होतात? एखादी युक्ती असेल, तर ती तिलाही हवी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, आणि मी उत्तर शोधायला लागले तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं.

माझं कुठेच काही अडलं नव्हतं. माझा पासपोर्ट बाबांच्या फ्लॅटच्या पत्त्यावर होता. आधार, मतदान, गॅस, बँक, सगळं तिथलं. मुलाला शाळेत घातलं तेव्हाही आजोळचाच पत्ता दिला होता. कर्वेनगरात मी फक्त झोपत होते, कागदोपत्री मी अजून माहेरीच राहत होते. माझ्या वडिलांच्या नावावर या शहरात एक दार होतं, म्हणून मला काकांच्या दारावर नाव लागलं नाही तरी चालत होतं. 'आपल्यात कागद कशाला' हे वाक्य मला परवडत होतं, कारण माझे कागद दुसरीकडे जागच्या जागी होते. मंगलचे नव्हते. इतकी वर्षं या बंगल्यामागे राहून, याच गल्लीतल्या चार घरांची भांडी घासून, ती पुण्यात राहते असं म्हणणारा एकही कागद नव्हता. आणि तो देऊ शकणारा माणूस खाली बसून तिळाची वडी खात होता, मी त्याच्या समोर बसून हसले होते.

मी तिला काय उत्तर दिलं? "माझं वेगळं आहे गं." एवढंच म्हणाले आणि वर आले.

इथे मला असं लिहायला आवडलं असतं, की मी दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे जाऊन ठामपणे बोलले. तसं झालं नाही. मला कळलं त्याच संध्याकाळी, पण कळल्यावर मी काहीच केलं नाही. मध्ये मुलाची परीक्षा होती, ऑफिसात तपासणी होती. खरं कारण चौदा हजार होतं. मंगलची बाजू घेतली तर पुढचा प्रश्न माझ्याच कराराचा निघणार, आणि करार निघाला की भाडं अठरा हजार होणार, हे मला पायऱ्या चढतानाच दिसलं होतं. आरटीईचे अर्ज सुरू झाले आणि मुदत संपली. मंगलने पुन्हा विचारलं नाही. जिन्यात भेटली की हसायची, आणि मी घाईत असायचे.

अर्ज भरला असता तरी सोडतीत नाव लागलंच असतं असं नाही, हे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगून पाहिलं. पण सोडतीत नाव न लागणं ही एक गोष्ट, आणि नाव पेटीत पडूच न देणं ही दुसरी.

जून उजाडला, मुलगी महापालिकेच्या शाळेत जायला लागली. शाळा बरी आहे, बाई चांगल्या आहेत, उगाच गळा काढण्याचं कारण नाही. पण रोज सकाळी ती दप्तर घेऊन आमच्या जिन्याखालून जायची आणि मला खिडकीतून मागे व्हावंसं वाटायचं. एका रात्री कायदा उघडून बसले. आयुष्यभर ज्या कायद्याच्या नावाने घाबरले, तो मी कधी वाचलाच नव्हता. किंवा असं म्हणा, मी ज्याला घाबरत होते तो कायदा केव्हाच बदलला होता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चा आहे, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याचं कलम 55 अगदी छोटं आहे. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. ते 1908 च्या नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून आलेलं, आणि महाराष्ट्रात ते आता चालत नाही. भाड्याची लेखी पावती देणंही घरमालकाला बंधनकारक आहे, कलम 31. म्हणजे पावती मागणारा भाडेकरू आगाऊ नसतो. पावती न देणारा मालक कायदा मोडत असतो. हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही रोज दुसऱ्यांचे कागद तपासण्याच्या नोकरीत असताना.

पण मला खरा धक्का बसला तो कलम 24 वाचून. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. मुदतीनंतर जितके दिवस राहील तितके दिवस त्या माणसाला दुप्पट रक्कम भरावी लागते. आजोबांना असं कलम मिळालं असतं तर त्यांनी ते फ्रेम करून लावलं असतं! म्हणजे जागा परत मिळण्याची काळजी असलेल्या मालकाने तर धावत जाऊन करार नोंदवायला हवा. उलट करार नोंदवलेला नसेल, तर कलम 55 म्हणतं, अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालकाने चुकीचं सिद्ध करेपर्यंत.

मग काका कशाला घाबरत होते? खर्चाला नक्कीच नाही. मंगलच्या दोन खोल्यांचं गणित मी वहीत मांडलं. मुद्रांक शुल्क पाव टक्का. अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर मिळून दोनशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. बाकी थोडं हाताळणीचं आणि एजंटचं. तो अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, मालकाला खुर्चीतून उठावंही लागत नाही. काकांचं वर्षाचं भाड्याचं उत्पन्न, आमचं आणि मंगलचं मिळून, दोन लाख चाळीस हजार. त्यातून तीस टक्के सरसकट वजावट. उरलेल्या एक लाख अडुसष्ट हजारांवर त्यांच्या पेन्शनसकट जो काही कर झाला असता तो, आणि घरपट्टीतली सवलत. एवढ्यासाठी. वाडा, 1973, बळकावणारे भाडेकरू, हे सगळं त्याच्यावर टाकलेलं पांघरूण होतं, आणि ते विणून देणाऱ्यांत मी होते. त्यांची भीती खोटी असल्याचं निदान त्यांना तरी ठाऊक असणार. मी ती खरी मानून इतरांना वाटत होते.

मी काकांशी बोलले. माझा आणि मंगलचा, दोन्ही करार नोंदवा म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तूसुद्धा? तू घरच्यासारखी ना?" मला ते लागलं. माझा नवरा गावी असताना रात्री मुलाला ताप चढला, तेव्हा याच माणसाने गाडी काढली होती. काकूंच्या हातचं वरण माझ्या मुलाला माझ्या वरणापेक्षा आवडतं. ते आजही तितकंच खरं आहे. काकांचा चांगुलपणा खोटा होता, असं लिहिता आलं असतं तर हा लेख बराच सोपा झाला असता.

शेवटी त्यांनी माझा करार केला. भाडं अठरा हजार. मंगलचा नाही केला. पत्र्याच्या खोल्या उतरवून तिथे दुरुस्ती करायची आहे, असं त्यांनी तिला सांगितलं आणि महिन्याभरात खाली करायला सांगितलं. म्हणजे माझं मत बदललं, त्याची किंमत तिने मोजली. मी तिला म्हटलं, तुला असं काढता येत नाही त्यांना, आपण तक्रार करू. ती म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या ताई. भांडून त्याच नळाला पाणी भरायचं का?" तिने वारज्याला दोन खोल्या बघितल्या, साडेसात हजारांच्या. तिथला मालक करार करून द्यायला तयार होता. साक्षीदार म्हणून मी गेले. फॉर्म मीच भरला, तिने मला प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारला आणि मुदतीची तारीख दोनदा वाचायला लावली.

डिपॉझिटवरून एक प्रसंग झाला. काका म्हणाले, दहा हजार दिले होते. मंगल म्हणाली, वीस. पावती अर्थातच नव्हती. मी काकांसमोर बसून कलम 55 चं दुसरं पोटकलम वाचून दाखवलं. कराराशिवाय तिचा शब्द चालतो, तुमचा नाही. काकांनी कपाट उघडून वीस हजार मोजून दिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजोबांची नात शोभत नाहीस." मला वाटतं, ते बरोबर होतं.

आम्ही अजून तिथेच राहतो. भाडं बँकेतून जातं, घरभाड्याची सवलत मी मागते, काका दरमहा पावती देतात. बोलणं होतं, पूर्वीसारखं नाही. मागच्या खोल्यांची दुरुस्ती झालेली नाही. तिथे आता दोन विद्यार्थी राहतात. परवा त्यातला एक जिन्यात भेटला, तेव्हा मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला: करार केला का? तो म्हणाला, "नाही मॅडम, काका म्हणाले गरज नाही, आणि भाडं पण कमी लावलंय." खूश होता. मी त्याला कलम सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. त्याचे कागदही कुठेतरी गावी वडिलांच्या घरी जागच्या जागी असणार.

आणि घरपट्टीच्या त्या अर्जावर अक्षर माझं आहे. तो खोटा आहे, हे महापालिकेला कळवायला एक चिठ्ठी पुरेल. ती मी अजून लिहिलेली नाही. काकूंना बरं नसतं, हे एक कारण मी स्वतःला देते. दुसरं कारण असं, की पुढच्या वर्षी आमच्या कराराची मुदत संपते आणि मुलाची दहावी आहे.